ट्रॉम्सो ते फेअरबँक्स: अंतर ५,०२५ किमी, मग प्रवास २७ तासांचा कसा?

हिवाळपाखरू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नॉर्वेत ट्रॉम्सोला असते, ध्रुवीय प्रकाशावर पीएचडी करतेय. माझा दादा अलास्कात फेअरबँक्सला विद्यापीठात आहे, त्याचंही काम याच विषयाच्या आसपासचं. गेल्या आठवड्यात आईने फोनवर विचारलं, "तुम्ही दोघं एकमेकांपासून नेमके किती लांब गं?" मी बोलून गेले, "अर्धी पृथ्वी आहे मध्ये." ती गप्पच झाली. फोन ठेवल्यावर मला चुटपुट लागली, कारण खरं उत्तर मला माहीतच नव्हतं.

मग शोधायला बसले. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी बरीच पानं आहेत. एकावर ५,०२५ किमी आणि ६ तास ४७ मिनिटं. दुसऱ्यावर ५,०४३ किमी आणि ५ तास ३६ मिनिटं. तिसऱ्यावर अंतर नुसतं २,७२३, वेळ ६ तास १६ मिनिटं. नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ ग्रीनलंड आणि कॅनडावरून जाते आणि कितीतरी लांब दिसते.

आणि प्रत्यक्ष तिकीट? चार विमानं. सकाळी ७ ला ट्रॉम्सोहून निघायचं, रात्री १२:१० ला फेअरबँक्स. मी हिशेब केला, १७ तास १० मिनिटं. दादा म्हणतो, "नाही गं, २७ तास."

यातलं खरं काय धरायचं? आईला एक आकडा सांगायचाय, पण तो मला समजलेला असावा असं वाटतं.

साधा प्रश्न

पट्टी बाजूला ठेवा. घरात किंवा विभागात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, दोन्ही गावांवर बोटं ठेवा आणि दोरा ताणा. दोरा कुठून जातो ते इथे येऊन सांगा. पुढचं इतर जाणकार सांगतीलच.

गोलभूमिती

साधा प्रश्न यांनी सांगितलेला प्रयोग आधी कराच, मग हे वाचा.

गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्‍वृत्ताचा तुकडा. पृथ्वीच्या केंद्रातून आणि त्या दोन ठिकाणांतून जाणारी सुरी फिरवली तर पृष्ठभागावर जी कड उमटेल, ती. विषुववृत्त हे बृहद्‍वृत्त आहे, प्रत्येक रेखावृत्त हे अर्धं बृहद्‍वृत्त आहे. पण ६७ अंशांचं अक्षवृत्त तसं नाही. ते ध्रुवाभोवतीचं लहानसं कडं आहे, आणि त्या कड्यावरून चालत जाणं म्हणजे वाड्यात समोरच्या खोलीत जायला चौक न ओलांडता चारी सोप्यांना फेरी मारण्यासारखं.

तुमच्या गावांचे आकडे: ट्रॉम्सो विमानतळ ६९.६८ उत्तर, १८.९२ पूर्व. फेअरबँक्स ६४.८२ उत्तर, १४७.८६ पश्चिम. रेखांशांतला फरक जवळजवळ १६७ अंश, म्हणजे दोन्ही गावं ध्रुवाच्या जवळपास समोरासमोरच्या बाजूंना. सूत्र लावलं तर दोघांमधला केंद्रकोन ४५.१९ अंश येतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर अंतर ५,०२५ किमी. हा तुमचा पहिला आकडा.

दुसरा, ५,०४३, हाही बरोबरच आहे, किंबहुना जास्त बरोबर आहे. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. केंद्रापासून विषुववृत्त ६,३७८ किमी आणि ध्रुव ६,३५७ किमी. इथे एक गंमत होते, माझ्या विद्यार्थ्यांना ती दर वर्षी खटकते. ध्रुव केंद्राच्या जवळ, म्हणजे तिथलं एक अंशाचं अंतर कमी असायला हवं ना? उलट ते जास्त असतं. विषुववृत्तापाशी अक्षांशाचा एक अंश ११०.५७ किमी, ध्रुवापाशी १११.६९ किमी. कारण अक्षांश मोजतात तो त्या जागेच्या उभ्या रेषेच्या झुकावावरून. जिथे पृष्ठभाग चपटा तिथे उभी रेषा एक अंश कलायला जास्त चालावं लागतं. तुमचा मार्ग सगळा उत्तरेकडचा, म्हणून खऱ्या आकारावर तो १८ किमी लांब भरतो.

तिसरा आकडा २,७२३ हा सागरी मैलांतला आहे. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. गुणून पाहा, ५,०४३ च येईल. वैमानिक आणि खलाशी हेच एकक वापरतात. पानावर एकक लिहिलेलं नसेल तर तो त्या पानाचा दोष, तुमचा नव्हे.

आता नकाशावरची रेघ. होकायंत्राचा एकच कोन धरून, कुठेही न वळवता ट्रॉम्सोहून फेअरबँक्सला गेलात तर ७,१६६ किमी पडतील. दोन हजार किलोमीटरांहून जास्तीचा फेरा.

हिवाळपाखरू

केला प्रयोग! आमच्या विभागात ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल आहे. दोरा ग्रीनलंडवरून, कॅनडावरून कुठूनच गेला नाही. सरळ वर चढला, ध्रुवाच्या अगदी शेजारून गेला आणि पलीकडे अलास्कात उतरला. दोरा मोजला, ११.८ सेंटिमीटर. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किमी, म्हणजे ५,०१५. सूत्राशिवाय इतकं जवळ आले!

दोन वर्षं मी दादाला "पश्चिमेकडचा" समजत होते. तो तर उत्तरेला आहे.

गोलभूमिती

अगदी बरोबर. निघताना विमानाचं तोंड ३५२ अंशांवर, म्हणजे उत्तरेच्या थोडंसं पश्चिमेला असेल. पोचताना ते १८६ अंशांवर असेल, म्हणजे जवळजवळ दक्षिणेला. आणि वाटेत ते कुठेही वळलेलं नसेल! मार्गाचं सर्वांत उत्तरेचं टोक ८७.३ अंशांवर, ध्रुवापासून साधारण ३०० किमीवर येतं.

पंखाखाली

मी उड्डाण नियोजनात काम करतो, रोज हेच आकडे हाताखालून जातात. अंतराचं गोलभूमिती यांनी छान सांगितलंय. वेळेचं मी सांगतो.

तुम्ही पाहिलेल्या पानांपैकी एकानेही विमान, वारा, हवाई मार्ग यातलं काही पाहिलेलं नाही. ती भागाकार करतात. ५,०२५ ला ताशी ८०० ने भागा, ६ तास १७ मिनिटं. चढणं-उतरणं म्हणून अर्धा तास टाका, झाले ६:४७. दुसऱ्याने ताशी ९०० धरले आणि वर काहीच टाकलं नाही, आले ५:३६. तिसऱ्याने ताशी ५०० मैल, म्हणजे ८०५ किमी धरले आणि तोही तिथेच थांबला.

प्रत्यक्षात वेळ दोन प्रकारचा असतो. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ, तो हवेतला. आणि दुसरा ब्लॉक टाइम. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागचं हललं तिथपासून दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. तिकिटावर छापतात तो हा. मोठ्या विमानतळावर नुसतं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत सरकत जाण्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. लहान विमानतळावर पाच-सात मिनिटांत विमान धावपट्टीच्या तोंडाशी असतं. तुमची दोन्ही गावं लहान, तो फायदा.

जेट विमान उंचीवर ताशी ८३०-८५० ने जातं. चढताना आणि उतरताना त्याहून हळू. शिवाय मार्ग ओळीने ठरवलेल्या बिंदूंवरून आखतात, म्हणून बृहद्‍वृत्तापेक्षा दोन-तीन टक्के जास्त अंतर धरावं लागतं. थेट विमान असतंच, तर मी पावणेसात ते सव्वासात तास लिहिले असते.

वाऱ्याचा इथे फार त्रास नाही. पश्चिम-पूर्व मार्गांवर मात्र वारा सगळा हिशेब बदलतो. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला एक विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, कारण अटलांटिकवर वादळ होतं आणि ते सगळं पाठीमागून ढकलत होतं. एरवी त्याच प्रवासाला साडेसहा-सात तास धरतात, आणि उलट दिशेने त्याहून जास्त. हवेच्या मानाने विमानाचा वेग तोच, बदलतो तो जमिनीच्या मानाने. म्हणूनच जाण्याचा आणि येण्याचा वेळ एकच छापणारी पानं मला पटत नाहीत.

साधा प्रश्न

न्यूयॉर्क-लंडन सुमारे ५,५५० किमी ना? मग हे दोघं भाऊबहीण त्याहून जवळ आहेत. तिथे दिवसाला कितीतरी विमानं, आणि इथे एकही थेट नाही. का?

पंखाखाली

पहिलं कारण माणसं. ट्रॉम्सोची वस्ती ऐंशी हजारांच्या आत, फेअरबँक्स शहराची तीसएक हजार. रोज या गावाहून त्या गावी जाणारं कोण? दीडशे खुर्च्या आठवड्यातून एकदाही भरणार नाहीत. लहान विमानतळांना मोठ्या विमानतळांशी जोडणारे धागे असतात, एकमेकांशी जोडणारे नसतात. चाकाच्या आऱ्यांसारखं आहे, एका आऱ्याच्या टोकावरून दुसऱ्याच्या टोकावर जायचं तर तुंब्यापर्यंत येऊन परत बाहेर जायचं.

पण समजा कोणी भाड्याने विमान घेतलंच. तरी मला तो मार्ग आखायला घाम फुटेल. नॉर्वेच्या उत्तरेची स्वालबार्ड बेटं सोडली की अलास्काचा किनारा येईपर्यंत सव्वातीन हजार किलोमीटर नुसता गोठलेला समुद्र. दोन इंजिनांच्या विमानाला नियम असा की एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ कायम आवाक्यात हवा. मूळ मर्यादा ६० मिनिटांची, विशेष परवानगीने १८० आणि त्याहून पुढे वाढवता येते. या मार्गाच्या मध्याला सर्वांत जवळची धावपट्टी कॅनडाच्या अलर्ट या लष्करी ठाण्याची, आणि तीही खडीची. दीडशे प्रवाशांना घेऊन तिथे उतरायचं, तर पुढे त्यांना ऊब आणि जेवण कोण देणार, परत कोण आणणार, याची योजना आधीच कागदावर लागते. अमेरिकी नियमांत ७८ अंश उत्तरेच्या वरचा भाग ध्रुवीय मानतात. तिथे जाणाऱ्या विमानात कडाक्याच्या थंडीचे दोन पोशाख ठेवावे लागतात, बाहेर उतरून काम करायची वेळ आली तर.

मग इंधन. अमेरिकेत मिळणारं जेट ए उणे ४० ला गोठू लागतं, इतरत्र वापरतात ते जेट ए-१ उणे ४७ ला. ध्रुवाजवळ त्या उंचीवर हवा उणे ६५-७० पर्यंत जाते. विमान वेगात असल्याने हवेच्या माऱ्याने पंख बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ उबदार राहतात, तरी तासन्‌तास थंडीत राहिलं की टाक्यांतलं तापमान हळूहळू उतरतं. उपाय दोनच, खाली उतरा किंवा वेग वाढवा. दोन्हींत इंधन जास्त जळतं.

आणि संपर्क. विषुववृत्तावर ३६,००० किमी उंच स्थिर असलेले उपग्रह साधारण ८२ अंशांच्या वर क्षितिजाखाली जातात. मग ध्रुवावरून फिरणारे उपग्रह तरी हवेत, नाहीतर जुना एचएफ, म्हणजे लघुलहरींचा, रेडिओ. सौरवादळ असेल तर तोही मुका. हे धागाकर्तीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

हिवाळपाखरू

हो! सूर्याकडून आलेले प्रोटॉन ध्रुवांवरच्या वातावरणात खोल शिरतात, खालचे थर जास्त आयनित होतात आणि एचएफ लहरी शोषून घेतात. हा प्रकार कधी कधी दिवसेंदिवस चालतो. आमच्या गावाजवळ रामफ्योर्डमोएनला आयस्कॅट या संशोधन संस्थेचा रडार आहे, दादाच्या बाजूला पोकर फ्लॅटचं अग्निबाणतळ. दोघंही एकाच प्रकाशकड्याखाली बसून आकाश मोजतो. त्याच आकाशामुळे आमच्यामधलं विमान अडू शकतं, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

जुनी पानं

थेट विमान नाही म्हणता, पण या वाटेवरून माणसं शंभर वर्षांपूर्वीच गेली आहेत.

११ मे १९२६ ला रोआल अमुंडसन, लिंकन एल्सवर्थ आणि उंबेर्तो नोबिले 'नॉर्गे' या हवाई जहाजातून स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंदहून निघाले. एकूण १६ जण. १२ तारखेला ध्रुवावर पोचले, आणि १४ ला अलास्कात टेलर या वस्तीजवळ उतरले. जायचं होतं नोमला, हवेने जमू दिलं नाही. तीन दिवस हवेत.

दोनच वर्षांनी, एप्रिल १९२८ मध्ये, ह्यूबर्ट विल्किन्स आणि कार्ल बेन आयल्सन उलट दिशेने आले. एका इंजिनाचं लॉकहीड वेगा विमान, अलास्काच्या पॉइंट बॅरोहून स्वालबार्ड, वीस तासांहून थोडं जास्त. शेवटी वादळात सापडले, एका निर्जन बेटावर उतरले आणि हवा निवळेपर्यंत काही दिवस विमानातच राहिले. हा आयल्सन तुमच्या दादाच्या गावचाच म्हणायचा. फेअरबँक्सला शाळेत शिकवायला आला आणि तिथे विमानं उडवू लागला. गावाजवळच्या हवाई दलाच्या तळाला त्याचंच नाव आहे.

प्रवासी विमानांचं म्हणाल तर स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने २४ फेब्रुवारी १९५७ ला कोपनहेगन-अँकरेज-टोकियो ही ध्रुवावरून जाणारी सेवा सुरू केली. सोव्हिएत आकाश बंद होतं, म्हणून युरोपातून जपानला जाणारे अलास्कात थांबत.

पंखाखाली

जुनी पानं, तुमच्या शेवटच्या वाक्याला जोड देतो. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना पुन्हा बंद झालं. हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांत जाणारी फिनएअरची विमानं आता तेरा तासांच्या आसपास घेतात, आणि काही थेट ध्रुवावरून जातात. दोन विमानतळांमधलं अंतर एका मीटरनेही बदललेलं नाही.

पायाला भिंगरी

मी अशा कोपऱ्यातल्या गावांचा प्रवास खूप केलाय, म्हणून तिकिटाचं बोलते. तुमचे चार टप्पे बहुधा असे असतील: ट्रॉम्सो-ओस्लो, ओस्लो-केफ्लाविक (आइसलंड), केफ्लाविक-सिॲटल, सिॲटल-फेअरबँक्स. बरोबर का?

आधी दादा आणि तुमच्यातला दहा तासांचा वाद. ट्रॉम्सोचं घड्याळ फेअरबँक्सच्या दहा तास पुढे आहे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची छापतात. सकाळी ७ पासून रात्री १२:१० म्हणजे १७:१० दिसतात, त्यात दहा मिळवा, २७:१०. दादा बरोबर आहे. परत येताना उलटं होईल, तिकिटावर प्रवास खऱ्यापेक्षा दहा तास जास्त दिसेल. आणि एक बारीक गोष्ट: अमेरिका आणि युरोप उन्हाळी वेळ एकाच दिवशी बदलत नाहीत. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर हा फरक नऊ तासांचा असतो. त्या दिवसांत फोनची ठरलेली वेळ चुकते, हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल.

हिवाळपाखरू

टप्पे अगदी तेच! आणि हो, दर मार्चमध्ये दादा एक तास चुकतो. मला वाटायचं तो विसरतो.

थेट विमान असतं तर घड्याळ काय म्हणालं असतं, तेही आता काढून पाहिलं. दुपारी १२ ला निघून, सात तास धरले, तर फेअरबँक्सला त्याच दिवशी सकाळी ९. निघायच्या आधीच पोचले असते.

गोलभूमिती

भिंगरी यांनी टप्पे दिलेच आहेत, तर बेरीज करू. ट्रॉम्सो-ओस्लो १,११७ किमी. ओस्लो-केफ्लाविक १,७८१. केफ्लाविक-सिॲटल ५,८११. सिॲटल-फेअरबँक्स २,४६१. एकूण ११,१७०.

म्हणजे थेट अंतराच्या दुप्पटीहून जास्त. पहिलाच टप्पा पाहा, उत्तरेला जायचंय आणि विमान हजार किलोमीटर दक्षिणेला नेतं. केफ्लाविक-सिॲटल हा एकच टप्पा तुमच्या आणि दादाच्या संपूर्ण अंतरापेक्षा लांब आहे.

पायाला भिंगरी

आणि तासांची फोड अशी: चार टप्प्यांचे ब्लॉक टाइम मिळून सव्वासोळा तासांच्या आसपास. उरलेले अकराएक तास विमानतळांवर. सिॲटलला अमेरिकेत प्रवेशाची तपासणी होईल, सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागेल, तिथे अडीच-तीन तासांच्या खाली थांबा घेऊ नका. चारही टप्पे एकाच आरक्षणात असू द्या. मी एकदा दोन वेगळी तिकिटं जोडून असा प्रवास केला, पहिलं विमान बर्फामुळे चाळीस मिनिटं उशिरा आलं आणि पुढचं तिकीट वाया गेलं. रात्र बाकावर काढली. लहान गावाला जाणारं शेवटचं विमान चुकलं की पुढचं बहुतेक दुसऱ्या दिवशीच असतं, मोठ्या शहरासारखं तासाभरात दुसरं मिळत नाही.

जमिनीवरचा

इतकं सगळं वाचून मला एकच वाटतं, ही अंतर-वेळ सांगणारी पानं लोकांची दिशाभूल करतात. अस्तित्वातच नसलेल्या उड्डाणाचा वेळ मिनिटांपर्यंत छापायचा, आणि खाली कुठेही लिहायचं नाही की असं विमान नाही. माझ्या वडिलांनी असाच आकडा पाहून भेटीचे दिवस ठरवले होते, दोन दिवस कमी पडले.

गोलभूमिती

जमिनीवरचा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण अंतराचा आकडा मी दिशाभूल म्हणणार नाही. ते अंतर तितकंच आहे, विमान असो वा नसो.

पंखाखाली

मी मात्र जमिनीवरचा यांच्या बाजूने आहे. अंतर ठीक. पण ६ तास ४७ मिनिटं यातली ती ४७ मिनिटं माझ्या डोळ्यांत खुपतात. भागाकारातून आलेला आकडा वेळापत्रकाच्या वेषात उभा केलाय. "थेट विमान असतं तर साधारण सात तास" एवढंच लिहिलं असतं तर कोणी फसलं नसतं. जेटऐवजी पंख्यांचं विमान असेल तर तर हा हिशेब पारच कोलमडतो. उत्तर नॉर्वेत ८०० मीटरांच्या आसपासच्या धावपट्ट्यांवर डॅश-८ उतरतात, त्यांचा वेग जेटच्या जवळजवळ अर्धा-पाऊण, आणि वाटेत दोन-तीन गावं घेत जातात. तिथे ताशी ८०० चा भागाकार काय कामाचा?

साधा प्रश्न

+१. मिनिटं काढा, "सुमारे" लिहा.

गोलभूमिती

हे मान्य.

आणि मंडळी, काल रात्री सहज तो मार्ग अंशाअंशाने काढून पाहिला, ते सांगायलाच हवं. ट्रॉम्सोहून निघालेलं बृहद्‍वृत्त ७८.९ अंश अक्षांशावर १२.२ पूर्व रेखांशावर असतं. न्यू-ऑलेसुंद ७८.९ उत्तर, ११.९ पूर्व. म्हणजे दहा किलोमीटरच्या आत, जवळजवळ डोक्यावरून! जुनी पानं यांनी सांगितलेलं 'नॉर्गे' जिथून सुटलं, तीच जागा. मी कुठलाही आकडा ओढूनताणून बसवलेला नाही, दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घातले आणि रेघ तिथून गेली. पुढे ती प्रुडो बेच्या पूर्वेला अलास्काचा किनारा गाठते, ब्रुक्स पर्वत ओलांडते आणि फेअरबँक्सला उतरते.

जुनी पानं

हे वाचून अंगावर काटा आला. न्यू-ऑलेसुंदला ते हवाई जहाज बांधून ठेवायचा मनोरा अजून उभा आहे. भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्रही २००८ पासून त्याच वस्तीत आहे.

हिवाळपाखरू

मी गेल्या वर्षी तिथे तीन आठवडे होते, उपकरणं लावायला! त्या मनोऱ्यापर्यंत चालत गेले होते. दादाला फोटो पाठवला होता, "बघ, जगाच्या टोकाला आलेय" म्हणून. तेव्हा मी त्याच्यापासून लांब गेले असं समजत होते. आता हिशेब केला तर त्या तीन आठवड्यांत मी त्याच्याकडे हजारएक किलोमीटर सरकले होते, अगदी त्याच्याच वाटेवर.

तिकीट काढलं. चारही टप्पे एकाच आरक्षणात, सिॲटलला साडेतीन तास. भिंगरीताई, आभार.

काल आईशी बोलले. सगळं सांगितलं, चपटी पृथ्वी सोडून. गोल कॅमेऱ्यासमोर धरला, दोरा ताणून दाखवला. म्हटलं, पाच हजार किलोमीटर, थेट विमान असतं तर सात तास, ते नाही म्हणून सत्तावीस. तिने दोरा पुन्हा एकदा दाखवायला लावला. "एवढासाच?" म्हणाली. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "आता माझ्यापासून तुम्हा दोघांपर्यंतचे दोन दोरे काप, आणि तिन्ही मला पाठव." आज दुपारी कापले. पाकिटावर पत्ता लिहून ठेवलाय, उद्या टाकते.